वाचक विचारतात : लंकेला माफी आणि आम्हाला नोटीस?

प्रश्न : काका, रामबागेत आमचं छोटं किराणा दुकान आहे. दोन हप्ते काय थकले, बँकेचा माणूस दारात हजर. तिकडे श्रीलंका बुडाली तर तिला कर्जमाफी, वर नाणेनिधीचं नवं कर्ज! हा कुठला न्याय?
– एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, माफी हा शब्द वर्तमानपत्रांचा. बँकेच्या कर्जखात्यात माझी चौतीस वर्षं गेली, तिथे आम्ही ‘तडजोड’ म्हणायचो.

आपल्या क्लॉथ मार्केटातला एक व्यापारी आठवतो. देणेकरी तीन : आमची शाखा, सुरतचा माल देणारा आणि एक सावकार. आम्ही व्याज सोडायला तयार होतो, पण मॅनेजरचा एकच सवाल, ‘आपण सोडलेलं सावकाराच्या घशात गेलं तर?’ शेवटी गादीवर तिघांना समोरासमोर बसवलं. मध्ये लाल वही, तीनदा चहा. सावकाराने सही केली ती दिवेलागणीला, तीही कुरकुरत.

लंकेचंही हेच झालं. दुकानदाराला दिवाळखोरीचं कोर्ट तरी आहे, देशाला तेही नाही. 12 एप्रिल 2022 ला लंकेने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणारी संस्था, म्हणाला, आधी देणेकऱ्यांची सवलतीची हमी आणा. पहिलं पत्र भारताचं गेलं, जानेवारी 2023 मध्ये. चीनचं यायला मार्च उजाडला. मग 20 मार्चला सुमारे 3 अब्ज डॉलर मंजूर झाले. तेही एकरकमी नाही : चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, दर टप्प्याआधी हिशेबतपासणी.

आणि फुकट तर मुळीच नाही. तिथला व्हॅट दोन वर्षांच्या आत 8 टक्क्यांवरून 18 वर गेला. तुम्ही गल्ल्यावर बसता, गिऱ्हाइकाचं तोंड कसं होतं ते मी काय सांगू! लंकेतल्या साध्या माणसाने ही तडजोड भरली, आणि मला विचाराल तर त्याच्यावर जरा जास्तच टाकली.

देणेकरी सरकारांच्या समितीत भारत, जपान आणि फ्रान्स सह-अध्यक्ष होते. जून 2024 मध्ये 5.8 अब्ज डॉलरच्या कर्जाचा करार झाला. त्यात मुख्यतः मुदत लांबवली, व्याज उतरवलं. मुद्दल खरोखर कापून घेतलं ते रोखेधारकांनी, म्हणजे लंकेचे कर्जरोखे विकत घेतलेल्या गुंतवणूकदारांनी, साधारण 27 टक्के, आणि तेही त्या वर्षीच्या डिसेंबरात. हप्ते बंद केल्यापासून अडीच वर्षं उलटून गेली होती.

आता तुमचं. हप्ता थकून 90 दिवस उलटले की खातं थकीत कर्जात जातं, मग मॅनेजरचे हात बांधले जातात. त्याआधीच स्वतः शाखेत जा आणि हप्ते लांबवून मागा. सोबत सगळ्या उधारीची यादी न्या, घाऊकवाल्याची आणि घरच्यांकडून घेतलेलीसुद्धा. मॅनेजर पहिल्यांदा तीच मागेल.