वीस बाइटचा बॅकअप

प्रश्न : मी एकटाच आठ लिनक्स सर्व्हर सांभाळतो. रोज रात्री दोन वाजता डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची प्रत) काढायचा, तो फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला द्यायचा आणि फाइलच्या नावात तारीख घालायची, एवढी एकच ओळ आहे. टर्मिनलवर बिनचूक चालते. तीच क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, टाकली की सकाळी धड फाइल नसते, एरर नसते, काहीच नसतं. शिवाय जुने बॅकअप पुसायचं कामही स्क्रिप्टवर सोपवा, असं वरिष्ठ म्हणतात. मला त्याची भीती वाटते. ती अनाठायी आहे का?

उत्तर : भीती असू द्या, तिच्याकडे येतेच.

आधी गायब फाइल. ‘नावात तारीख’ वाचलं आणि मी कपाळाला हात लावला, कारण याच खड्ड्यात मीही पडले आहे. तारखेसाठी तुम्ही डेट कमांडला टक्क्याचं चिन्ह देत असणार. क्रॉनटॅबमध्ये % दिसला की क्रॉनच्या लेखी कमांड तिथेच संपते; पुढचा मजकूर तो कमांडला इनपुट म्हणून देतो. कमांड चालवणाऱ्या शेलच्या हाती लागते तुमची अर्धी ओळ. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश दिलात तर भागेल. पण त्यापेक्षा सगळं एका स्क्रिप्टमध्ये हलवा आणि क्रॉनटॅबमध्ये तिचा फक्त पूर्ण पाथ (फाइलचा पत्ता) लिहा. स्क्रिप्टच्या आत % चा काही जाच नाही.

एवढ्यानं भागलं नाही, तर दुसरा संशयित पाथचा व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचे याची यादी. तुम्ही लॉगइन करता तेव्हा शेल तुमचं सगळं बिऱ्हाड मांडून बसतो. क्रॉन मात्र हात हलवत येतो. त्याची शोधायची ठिकाणं मोजकीच. डंपचा प्रोग्रॅम भलतीकडे असेल तर एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो निकालाचा आकडा) १२७, म्हणजे ‘कमांड सापडली नाही’. स्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ द्या, विषय संपला.

आणि एरर नसते, हे काही खरं नाही. क्रॉन बोलतो, पण मेलने. सर्व्हरवर मेलची सोय नसली की त्याचं बोलणं कुणाच्या कानावरच जात नाही. साधं आउटपुट आणि एररचं आउटपुट, दोन्ही एका लॉग फाइलमध्ये वळवा.

आता तुमची भीती. एके काळी माझ्याकडेही तुमच्यासारखीच ओळ होती : डंप, पाइप (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारी जोडणी), जीझिप. खाली दुसरी ओळ, १४ दिवसांपेक्षा जुनं ते पुसा. कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि मला सांगायचं राहिलं. त्या रात्रीपासून डंप पहिल्याच पावलाला अडखळत होता. पण पाइपचा निकाल ठरतो शेवटच्या कमांडवरून, आणि जीझिपची काहीच तक्रार नव्हती. रिकामं इनपुट आलं, त्यानं ते इमानदारीत दाबलं आणि २० बाइटची फाइल केली. एक्झिट कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक. लॉगमध्ये माझ्याच हातचं ‘बॅकअप यशस्वी’. दुसरी ओळ रोज एक खरा बॅकअप पुसत होती. डिस्कवर जागा वाढतेय म्हणून मी खूशसुद्धा होते! अकराव्या दिवशी सहज यादी पाहिली : अकरा फाइली २० बाइटच्या, खऱ्या उरलेल्या तीन. अजून तीन दिवस गेले असते तर सगळाच आनंद होता.

म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शेल म्हणून बॅश नेमा आणि लगेच पाइपफेल चालू करा. मग पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी निकाल नापास येतो. वर फाइलचा आकार तपासा. कालच्या निम्म्याहून लहान असेल तर मी स्क्रिप्ट तिथेच थांबवते आणि स्वतःला मेल पाठवते. तुमचा डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर नीट संपलेल्या डंपच्या शेवटच्या ओळीत ‘डंप कम्प्लीटेड’ असतं, तेही शोधता येतं. हे सगळं पार पडलं तरच पुसायच्या ओळीपर्यंत पोचायचं. क्रम उलटा झाला की माझ्यासारखी गत.

पुसण्यासाठी फाइंड (फाइली शोधणारी कमांड) वापरा, पण पहिला आठवडाभर डिलीटच्या जागी प्रिंट ठेवून नुसती नावं वाचा. डिलीट शेवटीच लिहायचं. वयाच्या अटीआधी लिहिलंत तर फाइंड अट बघायच्या आधीच पुसत सुटतो. आणि फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये असेल तर तो रिकामा निघाल्यास स्क्रिप्ट थांबलीच पाहिजे. रिकामा व्हेरिएबल, पुढे तिरकी रेघ आणि तारांकन (म्हणजे डिस्कवरचं सगळं), त्यात रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी युजरचे, अधिकार : पुढचं सांगत बसत नाही.

राहिली बॅकअप परत चढवून बघायची चाचणी. तीही महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपोआप व्हावी म्हणून मी क्रॉनटॅबमधल्या तारखेच्या रकान्यात १ ते ७ आणि वाराच्या रकान्यात सोमवार लिहिलं होतं. क्रॉन या दोन रकान्यांमध्ये ‘आणि’ धरत नाही, ‘किंवा’ धरतो. चाचणी पहिले सातही दिवस रोज झाली, वर उरलेल्या प्रत्येक सोमवारी. तेव्हापासून ती मी हातानेच करते.