सुप्रसिद्ध की नुसतेच प्रसिद्ध? (वाचक विचारतात)

गणपती-नवरात्राचा सीझन जवळ आला की आमच्याकडे एकाच टाइपचे प्रश्न यायला लागतात, पत्रिकेत पाहुण्यांच्या नावाआधी काय छापायचं, माइकवर काय म्हणायचं वगैरे. या वेळी तेच घेतलेत सगळे.

मंडळाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलंय. पाहुण्यांना सुप्रसिद्ध म्हणू, ख्यातनाम, नामवंत की नामांकित? सगळं एकच ना? – एक वाचक, मिरज

शब्दकोशात जवळपास एकच, बोलण्यात नाही. नामवंत म्हटलं की वकील, डॉक्टर नाहीतर कुस्तीच्या मैदानातले मल्ल आठवतात. ख्यातनाम लेखकाला, गायकाला बरं दिसतं. नामांकित मात्र माणसापेक्षा कॉलेजला आणि हॉस्पिटलला जास्त लागतं, आणि पेपरात तर त्याची मजाच आहे, 'शहरातील नामांकित बिल्डरवर गुन्हा' अशी बातमी असते आणि आख्ख्या बातमीत नाव कुठेच नसतं! त्यात आता ऑस्करसाठी नामांकित हा वेगळाच अर्थ येऊन बसलाय, त्यामुळे स्टेजवर हा शब्द टाळाच. नामचीनपासून तर लांबच राहा, हिंदीत नामचीन शायर, नामचीन हस्ती आरामात चालतं पण आपल्याकडे नामचीनच्या पुढे गुंडच येतो. हिंदी मजकूर घाईघाईत मराठी करताना हा घोळ होतो, आणि पाहुणे हसून घेतात म्हणून बरं. बडी असामी, बडं प्रस्थ हे पाहुणे घरी गेल्यावर.

अजून एक सांगू का, 'ज्यांना ओळखीची गरज नाही असं व्यक्तिमत्त्व' असं म्हणून पुढे पाच मिनिटं ओळख करून देऊ नका. विशेषणं कापा आणि माणसाचं एखादं काम नीट सांगा, अमुक नाटकात अमुक भूमिका, झालं.

टीव्हीवर 'सचिन आला' म्हणतात आणि मुख्यमंत्री मात्र 'आले'. माझा मुलगा विचारतो सचिन मोठा नाही का? काय सांगू? – एक वाचक, ठाणे

मुलाने बरोबर जागी बोट ठेवलंय. मराठीत मोठेपणा खरा क्रियापदात दिसतो, विशेषण काय कुणीही कुणालाही लावतं. खेळाच्या पानावर एकेरीची जुनी पद्धत आहे, सचिन खेळला, रोहित आऊट झाला, आणि त्यात अपमान नाही, उलट घरातल्या पोरासारखी जवळीक आहे. पण हाच सचिन 2012 ला राज्यसभेवर गेला तेव्हा राजकारणाच्या पानावर 'तेंडुलकर म्हणाले' झाला, म्हणजे पान बदललं की क्रियापद बदलतं. नात्याचा शब्द चिकटला तरी तेच होतं, 'अशोक सराफ आला' असं निदान त्यांच्या मागे तरी कुणी म्हणेल, पण अशोकमामा म्हटलं की आलेच. लताचं गाणं लाव म्हणणाराच लतादीदी म्हटल्यावर आपोआप 'गातात'वर जातो, त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

देवाला आणि आईला एकेरी हे तर आपलं पहिल्यापासूनचं. विठू माझा, आई आली. राजालाही पूर्वी चालायचं, जोतीराव फुल्यांनी 1869 मध्ये शिवरायांवर पवाडा लिहिला त्यात 'छत्रपती शिवाजीचा' असं सरळ एकेरी आहे आणि त्याच पवाड्यात कुळवाडीभूषण हा त्यांना दिलेला सगळ्यात सुंदर किताबही आहे. आज तसं कुणी लिहिणार नाही. व्हीटीचं नाव 1996 ला छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि 2017 ला त्यात 'महाराज' घालावं लागलं (आणि एवढं करून लोक म्हणतात सीएसएमटी, तो भाग वेगळा). जुनं एकेरी जुन्या माणसांना शोभतं, आपण आता महाराज म्हणावं आणि अनेकवचनात बोलावं, वाद नको.

मला खरं खटकतं ते दुसरंच. एकाच मनोरंजन पुरवणीत 'बच्चन म्हणाले' आणि शेजारच्या कॉलममध्ये 'माधुरी म्हणाली'. तिलाही आता तीसेक वर्षांच्या वर झाली की या धंद्यात! बाईला आडनाव नाही आणि 'म्हणाल्या' पण नाही, हे कसं काय? मुलाला एवढं जरूर सांगा.

आमच्या अध्यक्षांचा हट्ट आहे की पत्रिकेत नावाआधी 'पद्मश्री' छापायचंच. चालतं का? – एक वाचक, अहिल्यानगर

नाही चालत. घटनेच्या 18 व्या कलमाने सरकारी किताब बंद केले, मग पद्म पुरस्कार कसे, असा खटला झाला आणि 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे किताब नाहीत म्हणून देता येतात, पण म्हणूनच नावाच्या पुढे किंवा मागे लावायचे नाहीत. तुमचे अध्यक्ष लगेच प्रवरेच्या कारखान्याकडे बोट दाखवतील, पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखाना, पाटीवरच आहे. बरोबर आहे, पण तुम्ही आपलं 'पद्मश्रीने सन्मानित' असं खाली बारीक टाइपात छापा आणि मोकळे व्हा.

लोकांनी दिलेल्या पदव्यांना मात्र कोर्ट लागत नाही. यमुनाबाई वाईकरांना 2012 ला पद्मश्री मिळाली, सुलोचना चव्हाणांना 2022 ला, पण विचारून बघा कुणालाही, दोघी लावणीसम्राज्ञी. एका राज्यात दोन सम्राज्ञी कशा, तर एकीची बैठकीची लावणी, अदाकारीसकट, आणि दुसरीचा रेकॉर्डवरचा ठसका. भांडण कधी झालंच नाही.

माहेर बार्शी, सासर सातारा. 'कर्मवीर' म्हणजे कोण यावरून घरात दोन पार्ट्या पडल्यात. निकाल द्या. – एक वाचक

दोन्ही पार्ट्या पास. साताऱ्यात कर्मवीर म्हणजे भाऊराव पाटील, 1919 ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढणारे, आणि बार्शीत कर्मवीर म्हणजे मामासाहेब जगदाळे. तिकडे नाशिकला गेलात तर भाऊसाहेब हिरे आणि काकासाहेब वाघ, तेही कर्मवीरच. सहकारमहर्षींचं तसंच, अकलूजला शंकरराव मोहिते पाटील तर संगमनेरला भाऊसाहेब थोरात. एस्टी डेपो बदलला की माणूस बदलतो. आडनाव न लावता आख्ख्या महाराष्ट्राला कळावं हे फार थोड्यांच्या वाट्याला आलं, लोकमान्य म्हटलं की टिळकच, बाबासाहेब म्हटलं की आंबेडकरच. महात्माला सुद्धा आपल्याकडे आडनाव लागतं, कारण गांधींच्या आधी, 11 मे 1888 ला, मुंबईत मांडवीच्या सभेत जोतीरावांना ही पदवी दिली गेली होती.

सासूबाईंसमोर मात्र साताऱ्याचंच उत्तर द्या.

पोस्टरवर 'अमुक मालिका फेम' लिहितात. त्या 'फेम'ला मराठी शब्द काय? – एक वाचक, नारायणगाव

तुम्ही नारायणगावचे आणि मला विचारता! तुमच्याकडे तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले येऊन फडाला सुपारी देऊन जातात, तिथे फडमालकाचं नाव पुरतं. तीच सुपारी आता सीरियलवाल्यांनी पण उचललीय, दहीहंडीची सुपारी, दुकानाच्या ओपनिंगची सुपारी, आणि सुपारी देणाऱ्याला नट नावाने माहीत नसतो म्हणून फेम. 'सैराट फेम रिंकू राजगुरू' छापलं तरी लोक म्हणणार सैराटमधली आर्ची आलीय. तेच छापा की, जागा पण कमी लागते.