सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला काय करू द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ९६ फ्लॅटची सोसायटी, सगळ्यांचा मिळून एकच ग्रुप. त्यात मालक आहेत, भाडेकरू आहेत, फ्लॅट विकून गेलेलेही आहेत. अ‍ॅडमिन ११. उद्या पाणी येणार नाही ही सूचना गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडली जाते. ग्रुप कसे पाडायचे, कुणाला कसली मुभा द्यायची, आणि कुणी भलतंसलतं टाकलं तर अ‍ॅडमिन गोत्यात येतो का?

मी डोंबिवलीतल्या एका सोसायटीचा सचिव आहे. हा उद्योग आम्ही एकदा चुकीचा केला आणि मग पुन्हा केला, त्यामुळे सांगतो.

फोन नंतर हातात घ्या, आधी सोसायटीचं दफ्तर काढा. सभासदांची ‘जे’ फॉर्मची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक फ्लॅटपुढे लिहा: सभासद कोण, सहयोगी सभासद कोण, प्रत्यक्ष राहतं कोण. आमच्याकडे या तीन रकान्यांत ज्या फ्लॅटची नावं जुळली ते निम्मेसुद्धा नव्हते. एक मालक न्यू जर्सीत, त्यांचा फ्लॅट तीन मुलींना भाड्याने. त्या गृहस्थांना लिफ्ट बंद असल्याचा मेसेज रात्री दोन वाजता कशाला हवा? आणि त्या मुलींना दुरुस्ती निधीवरच्या भांडणात कशाला ओढायचं?

त्यातून ग्रुप आपोआप ठरतात. सूचना, रहिवासी, सभासद, समिती. बस. हे सगळे एका ‘कम्युनिटी’खाली घ्या, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरच अनेक ग्रुप एका छताखाली ठेवायची सोय. सूचनांचा ग्रुप कम्युनिटीबरोबर तयारच मिळतो, त्यात फक्त कम्युनिटीचे अ‍ॅडमिन लिहू शकतात आणि बाकीच्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. हा फायदा लहान वाटतो, पण एकट्या राहणाऱ्या बायकांनी आमच्याकडे सगळ्यात जास्त कौतुक याचंच केलं. दुसरा फायदा भाडेकरू जागा सोडून गेला की कळतो: त्याला कम्युनिटीतून काढलं की तिच्यातल्या सगळ्या ग्रुपमधून एकदम निघतो. नाहीतर चार ठिकाणी काढायचं आणि पाचव्या ठिकाणी राहून जायचं.

सभासदांच्या ग्रुपमध्ये भाडेकरू नकोत, यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या. ‘माणुसकी आहे की नाही?’ वगैरे. मुद्दा माणुसकीचा नव्हताच. पार्किंगचे चौकोन नव्याने आखायचे का, यावर कुणीतरी जुन्या ग्रुपवर मतदान लावलं होतं. ४१ विरुद्ध ३३. मग कोणीतरी नावं मोजली तर ‘हो’ म्हणणाऱ्यांत १२ भाडेकरू आणि एका मालकांचा कॉलेजातला मुलगा. तसं पाहिलं तर व्हॉट्सअ‍ॅपचा कौल हा काही ठराव नव्हे. ठराव सर्वसाधारण सभेत होतो, वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, मतदानाचा हक्क सभासदाचा असतो. पण ४१ लोकांना एकदा ‘आपण जिंकलो’ वाटलं की त्यांना हे समजावणाऱ्या सचिवाचे हाल कुत्रा खात नाही.

आता परवानग्या. ग्रुपच्या माहितीत शिरलात की चार-पाच बटणं दिसतील. मेसेज कोण टाकू शकतं, सदस्य कोण जोडू शकतं, ग्रुपचं नाव-फोटो कोण बदलू शकतं, नव्या माणसाला अ‍ॅडमिनची मंजुरी लागते का. बहुतेकांचं लक्ष पहिल्या बटणावर असतं. माझ्या मते तिसरं जास्त धोक्याचं, कारण मेसेज आपोआप नाहीसे करण्याची सोय त्याच परवानगीत येते. आमच्याकडे कुणीतरी, बहुधा कुणाच्या तरी नातवाने, ती २४ तासांवर ठेवली. त्या आठवड्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन दरपत्रकं ग्रुपवर आली होती. सोमवारी समिती बसली तेव्हा ग्रुप स्वच्छ. खजिनदारांनी एकाचा फोटो फोनमध्ये उतरवून ठेवला होता, तोही तिरका, दर अंगठ्याखाली. बाकी दोघांना पुन्हा फोन करावा लागला आणि एकाने दर वाढवून सांगितला. तेव्हा ते बटण सगळ्या ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा.

सदस्य जोडायचं कामही अ‍ॅडमिनकडेच, आणि मंजुरीचं बटण चालू. लिंक सूचनाफलकावर लावली तरी चालते मग. विनंती आली की फ्लॅट नंबर विचारायचा आणि आत घ्यायचं. रहिवाशांच्या ग्रुपवर बोलायची मुभा मात्र सगळ्यांना असू द्या. तिथे तोंड बंद केलंत तर लोक आठ दिवसांत स्वतःचा ग्रुप काढतात आणि तिथे तुमच्याबद्दलच बोलतात. गुलाब तिथे येऊ देत. गणपतीतल्या पोरांना त्यांचा ग्रुप वेगळा काढू द्या, त्यात समितीने नाक खुपसू नये. विसर्जन आणि हिशेब झाला की तो आपोआप थंडावतो.

अ‍ॅडमिन किती? तीन. सचिव, खजिनदार आणि ऑफिसचा फोन. ११ अ‍ॅडमिन कसे झाले असतील ते मी न बघता सांगतो: कुणी रुसलं की त्याला अ‍ॅडमिन केलं. ज्येष्ठांना मान म्हणून, कुणाला फोनमधलं कळतं म्हणून. त्यांना काढणं अवघड आहे, म्हणून काढूच नका. नवी कम्युनिटी उघडा, नवे ग्रुप त्यात तयार करा आणि जुना ग्रुप तसाच सोडून द्या. कुणाचं पद गेलं असं होत नाही.

ऑफिसचा फोन का, ते नीट वाचा, कारण आम्ही फसलो ते इथेच. आमचा पहिला ग्रुप एका उत्साही सभासदांनी काढला होता. त्यांनी फ्लॅट विकला, नाशिकला गेले, पण ग्रुपमध्ये राहिले. ज्याने ग्रुप काढला त्याला दुसरा अ‍ॅडमिन बाहेर काढू शकत नाही. तो स्वतः निघेल तेव्हाच. दीड वर्ष ते नाशिकहून आमच्या मेंटेनन्सवर मतं देत होते. म्हणून सुरुवात सोसायटीच्या नंबरावरून करा. समिती पाच वर्षांनी बदलते, सचिव मध्येच राजीनामा देतो, नंबर तोच राहतो. त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि तो सहा आकडी पिन बंद पाकिटात दफ्तराबरोबर ठेवा. एवढं करून फोन ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. मूळ फोनवर १४ दिवस व्हॉट्सअ‍ॅप उघडलं नाही की जोडलेले संगणक आपोआप बाहेर पडतात. आमच्याकडे दिवाळीच्या सुटीत हे झालं. रिचार्जची तारीख मॅनेजरच्या कॅलेंडरवर लाल पेनने.

राहिला जबाबदारीचा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही; त्यामागे दोघांचा समान हेतू किंवा आधीच ठरवून केलेला बेत दिसायला हवा. म्हणजे शांत झोपा, पण असा मजकूर दिसला तर तो ग्रुपवर राहू देऊ नका. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, आणि पुसला हे तिथे दिसतंही. पुसण्याआधी एक स्क्रीनशॉट सचिवांकडे. पोलिसांत जायची वेळ आली तर मात्र वकिलाला विचारा, मला नको.

मुहूर्त म्हणाल तर वार्षिक सभेनंतरचा आठवडा. ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, सगळे समोर असतात, हजेरीच्या वहीत नावापुढे चालू मोबाइल नंबर लिहून घ्या. आम्ही सही आणि चहाच्या मध्ये तो रकाना ठेवला होता. नंबर लिहिल्याशिवाय बटाटेवडा नाही. ७८ नंबर एका संध्याकाळी मिळाले.