रात्री जहाजाचे दिवे ओळखताना योलो का चुकतं

भाऊ, भुसावळला राहून समुद्रावरचा प्रोजेक्ट घेतलास, फार बरं वाटलं. रात्रीच्या फोटोतल्या दिव्यांवरून जहाजाचं तोंड कुठे आहे हे तुझं योलो मॉडेल (फोटोतल्या वस्तू ओळखणारं एआय) धड सांगत नाही, असं तू लिहिलंस. मर्चंट नेव्हीत ब्रिजवर रात्रीचे वॉच केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ऑगमेंटेशन बघ, म्हणजे शिकवताना फोटोत मुद्दाम केले जाणारे फेरफार. अल्ट्रालिटिक्स कंपनीच्या योलोत आडवा फ्लिप मुळातच ०.५ वर असतो, म्हणजे निम्म्या वेळा फोटो आरशासारखा उलटतो. जहाजाला ते चालत नाही. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा, हे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरवलेलं आहे. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला दोन पांढरे मास्टहेड (डोलकाठीवरचे) दिवे असतात, मागचा पुढच्यापेक्षा उंच. तुला लाल दिसतोय, तर जहाज तुझ्या डावीकडे चाललंय आणि ठेंगणा पांढरा उंच पांढऱ्याच्या डावीकडेच दिसणार. फोटो उलटला की लाल तसाच, पण ठेंगणा पांढरा उजवीकडे. असं जहाज दर्यावर कुठेच नाही, आणि तू मॉडेलला तेच शिकवतोयस. फ्लिप शून्य कर, रंगछटा बदलणारी सेटिंगही शून्य कर.

खरी गोम पुढे आहे. ट्रॉलरला (पाण्यातून जाळं ओढत नेणाऱ्या बोटीला) वर हिरवा, खाली पांढरा. इतर मासेमारी बोटींना वर लाल, खाली पांढरा. २० मीटर किंवा त्याहून लांब बोटीवर या दोन दिव्यांत किमान २ मीटर अंतर लागतं. एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटरवरून, ६० अंशांच्या लेन्सने १९२० पिक्सेल रुंद फोटो काढलास तर हे अंतर जेमतेम दोन पिक्सेल भरतं. योलो तो फोटो ६४० वर आणतं आणि दोन्ही दिवे एकमेकांत मिसळतात. म्हणून फोटो लहान न करता त्याचे तुकडे पाडून दे.

मॉडेलला ‘जहाज’ शिकवूच नकोस, फक्त दिवा शिकव: रंग आणि जागा. लाल-पांढरा-लाल उभे दिसले तर हालचालीवर मर्यादा असलेलं जहाज, दोन लाल म्हणजे ताबा सुटलेलं. हा अर्थ साध्या कोडमधल्या तक्त्याने लाव. नियम छापील आहेत, ते डेटातून शोधायला कशाला लावायचं? बोयांसाठी (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांसाठी) मात्र व्हिडिओच हवा. कार्डिनल बोया कोणत्या दिशेने सुरक्षित जायचं ते दाखवतो; पूर्वेच्या कार्डिनल बोयाचे तीन झपके आणि पश्चिमेचे नऊ एका फोटोत कसे मोजणार?

कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची जुळणी) हाताने लावून ठेव. ऑटोवर दिव्याचा मधला भाग पांढराफटक होतो, रंग फक्त कडेच्या वलयात उरतो.

सरावाला मुंबई गाठायची गरज नाही. कपाशी उपटलेल्या मोकळ्या वावरात बांबूवर दोन बारीक एलईडी १० सेंटीमीटर अंतराने बांध आणि सुमारे ९० मीटरवरून फोटो घे. एका मैलावरच्या २ मीटर अंतराचा जो कोन, जवळपास तोच येतो. मग तीच काठी हतनूर धरणाच्या पाण्याकाठी लाव, म्हणजे पाण्यातलं प्रतिबिंब मॉडेल वेगळा दिवा म्हणून मोजतंय का ते कळेल.