जुन्या एक्सपीवर कॅसेट उतरवायच्यात? आधी स्लॉट बघा

प्रश्न : घरी पेन्टियम ४ चा जुना पीसी आहे, विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक ३. मुलीच्या बारशापासूनच्या मिनीडीव्ही कॅसेट त्यावर उतरवून घ्यायच्यात. दुकानदार म्हणतो यूएसबीचं कॅप्चर डोंगल घ्या. घेऊ का? शिवाय मदरबोर्डवरचं साउंडही गेलंय, त्याचं काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : डोंगल नका घेऊ हो. व्हीएचएस असती तर गोष्ट वेगळी, पण मिनीडीव्हीवर चित्र मुळातच डिजिटल असतं, डोंगल लावलं की कॅमेरा ते आधी अ‍ॅनालॉग करून बाहेर सोडणार आणि डोंगल परत डिजिटल करणार, म्हणजे फुकटची क्वालिटी घालवायची, वर एक्सपीचा ड्रायव्हर डब्यात असेलच असं नाही. तुम्हाला हवंय फायरवायर कार्ड, म्हणजे कॅमेऱ्यातलं डिजिटल चित्र केबलने जसंच्या तसं पीसीत घेणारं कार्ड. कॅबिनेट उघडा, मदरबोर्डवर पांढरे लांब स्लॉट दिसतील ते पीसीआय, त्यातला एक रिकामा असला की झालं. पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड उचलून आणू नका, ते त्यात बसतच नाही. कार्डवरची मोठी चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची असेल तर उत्तम. ड्रायव्हर एक्सपीत आधीपासूनच आहे, सीडी शोधत बसायला नको. केबल मात्र बघून घ्या, कॅमेऱ्याकडे बहुतेक ४ पिनचं बारकं तोंड असतं आणि कार्डाला ६ पिनचं.

उतरवायला एक्सपीतला मूव्ही मेकर पुरतो, फक्त सेटिंगमध्ये डीव्ही-एव्हीआय निवडा नाहीतर तो स्वतःच्या मनाने फाइल दाबून छोटी करतो. तासाला साधारण १३ जीबी लागतात, त्यामुळे डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची हवी, फॅट३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीच्या पुढची फाइल बसतच नाही.

साउंडसाठी साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या, 'यूएसबी ऑडिओ क्लास १' वालं (यूएसबीवरच्या आवाजाचं जुनं स्टँडर्ड), लावलं की चालू. भारीतलं डॅक (डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग करून देणारा डबा) घ्यायला जाल तर ते बऱ्याचदा क्लास २ असतं आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये थेट २०१७ साली, विंडोज १० मध्ये आला, एक्सपीला त्याचा पत्ताच नाही. जुन्या बाजारात क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर लाइव्ह हे साउंड कार्ड मिळालं तर मोह होईल, पण ब्रँडेड पीसीतून काढलेली काही कार्डं नावाला लाइव्ह असतात, आत चिप दुसरीच, मग नेहमीचा ड्रायव्हर बसत नाही आणि तुम्ही रात्रभर जुन्या साइट चाळत बसणार. असं कार्ड आधीच घेऊन बसला असाल तर डिव्हाइस मॅनेजरच्या डिटेल्समध्ये चार-चार अक्षरांचे दोन कोड दिसतात, पहिला कंपनीचा (क्रिएटिव्हचा ११०२) आणि दुसरा चिपचा, ड्रायव्हर शोधायचा तो त्यावरून, डब्यावरच्या नावावरून नाही.

आणि हो, एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपलाय, तेव्हा नेटची वायर काढून ठेवा आणि फाइल बाहेरच्या डिस्कवर न्या. ती डिस्क २ टीबीच्या आतली आणि एमबीआर पार्टिशनची (डिस्कचे भाग पाडायची जुनी पद्धत) बघा, नव्या पद्धतीची जीपीटी डिस्क ३२ बिट एक्सपीला वाचताच येत नाही.