टेस्ट ड्राइव्हला जाण्याआधी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाडी दारात हवी, असं तुझ्या आईकडून कळलं. हवी तर हवी, पण तो मुहूर्त डिलिव्हरीचा. गाडी पसंत करायला त्या आठवड्यात जाऊ नकोस. आखाजी, दसरा, धनत्रयोदशी या दिवसांत जळगाव काय किंवा धुळं काय, शोरूममध्ये धड टेस्ट ड्राइव्ह मिळत नाही आणि भावही उतरत नाही. भाव उतरतो तो पितृपक्षात, नाहीतर मार्चअखेरीला, टार्गेट पुरं करायची धावपळ असते तेव्हा. म्हणून आत्ताच सुरुवात कर.

एक गोष्ट आधी पक्की कर. गाडी चालवून बघायची एका दिवशी आणि पैशाचं बोलायचं दुसऱ्या दिवशी. टेस्ट ड्राइव्ह संपली की तुला थंडगार केबिनमध्ये बसवतील, सरबत येईल आणि पाठोपाठ कोटेशन. नवी गाडी नुकतीच हातून फिरलेली असते, मन नरम झालेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच "आज बुकिंग केलं तर पंधरा हजार कमी" असं ऐकू येतं. कोटेशन व्हॉट्सअॅपवर मागव आणि ऊठ. स्कीम बहुतेक वेळा महिनाअखेरपर्यंत असते, त्या संध्याकाळपुरती नसते. आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतील तसं, पैसा तुना शे, घाई त्यानी शे.

फोनवर वेळ घेतानाच विचार की डेमो गाडी कुठल्या इंजिनाची आणि कुठल्या गिअरबॉक्सची आहे. तुला साधी पेट्रोल मॅन्युअल घ्यायची आणि चालवायला मिळाली टर्बो ऑटोमॅटिक, तर ती ड्राइव्ह फुकट गेली; दोन्ही गाड्यांचं नाव एक, पण स्वभाव वेगळा. व्हेरिएंट वरचा असला तर एवढं चालेल, फक्त टायरचा आकार आणि सीटची उंची कमी-जास्त करायची सोय तुझ्या व्हेरिएंटमध्ये आहे का, ते विचारून घे. मूळ लायसन्स सोबत ठेव. ड्राइव्हच्या आधी एखाद्या कागदावर सही मागतील, ती वाचून कर: गाडीला काही लागलं तर खर्च कुणाचा, हे त्यातच असतं.

वेळ दुपारची दोनची घे. त्यांना नको असते, पण आपल्या भागात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि एसीची खरी परीक्षा तेव्हाच होते. गाडी अर्धा तास उन्हात उभी करायला सांग. मग काचा खाली करून मिनिटभर गरम हवा बाहेर काढ, काचा लाव, एसी पूर्ण सोड आणि मागच्या सीटवर आईला बसव. पुढे बसणाऱ्याला गार वारा लगेच लागतो. मागे किती वेळात पोचतो, हे बघायचं. नंतर एखाद्या चौकात गाडी उभी असताना हाताने झडपेसमोरचा वारा तपास. कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो, त्यामुळे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग कमी झाला की काही गाड्यांचा एसी मलूल पडतो. आणि सनरूफ. प्रत्येक सेल्सवाला तो उघडून दाखवेल. आपल्या उन्हाळ्यात त्या काचेखालचं पातळ कापड डोकं तापण्यापासून कितपत वाचवतं, ते त्या दुपारीच हात लावून बघ.

चाक हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसती बस. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेलाच राहायला हवा. पाठ टेकलेली ठेवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. बॉनेटची कड दिसते का, आणि आरशाशेजारचा खांब वळणावर समोरचं माणूस झाकतो का, हे तुझ्या उंचीला फार महत्त्वाचं आहे. झाकतच असेल आणि सीट वर होत नसेल, तर ती गाडी कितीही आवडली तरी सोड. मग सीट तशीच ठेवून स्वतः मागे जाऊन बस. आजीलाही ने. दाराचा उंबरा उंच असला किंवा छत उतरतं असलं तर तिला लुगड्यात चढताना-उतरताना त्रास होतो, आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. मागे मधल्या जागेला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणि डोक्याची उशी आहे का, तेही बघ.

आता रस्ता. त्यांचा ठरलेला फेरा असतो: गुळगुळीत, सरळ, दोन-तीन किलोमीटर, उजवीकडे वळलं की शोरूम. नम्रपणे सांग, "मला इच्छादेवी चौकातून हायवेने नशिराबादपर्यंत जाऊन यायचंय." तुझं रोजचं जाणं-येणं भुसावळ-जळगाव, तेव्हा परीक्षा त्याच रस्त्यावर व्हावी. नाही म्हणाले तर दुसऱ्या डीलरकडे विचार.

निघताना म्युझिक बंद करायला सांग. ते मुद्दाम लावलेलं असतं. गाडी उभी असताना एसी एकदा चालू, एकदा बंद करून गिअरच्या दांड्यावर आणि स्टिअरिंगवर हात ठेव. तीन सिलिंडरच्या इंजिनाला थोडी थरथर असतेच, तुला ती रोज चालेल का, एवढाच प्रश्न. गर्दीत दुसऱ्या गिअरवर अगदी हळू चालव आणि हलकेच पाय दाब: इंजिन धक्के देतं की ओढतं? टर्बो पेट्रोलमध्ये साधारण पंधराशे-अठराशे आरपीएमच्या खाली जोर नसतो आणि नंतर एकदम येतो. गर्दीतल्या माणसाला ते सवयीचं व्हायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त वेळ रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या चढावर घालव. गाडीत चार माणसं, एसी चालू. मागे वाहन नाही असं बघून चढाच्या मध्यावर थांब. ब्रेक सोडल्यावर हिल होल्ड असलेली गाडी दोन-तीन सेकंद धरून ठेवते, तेवढ्यात निघता येतं का बघ. एएमटी गाडीत, म्हणजे मॅन्युअलच्याच गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने चालवणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, ही सोय नसेल तर ती मागे सरकेल, आणि पुलावर मागे केळीचा ट्रक चिकटून उभा असताना ते परवडत नाही. एएमटी पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना जरा अडखळते. तो दोष नव्हे, तिची रचनाच तशी आहे. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, अडखळणं नाही, पण पाय जोरात दाबला की इंजिन आधी ओरडतं, वेग मागून येतो. ड्राय क्लचची डीसीटी, म्हणजे तेलाविना चालणाऱ्या दोन क्लचची ऑटोमॅटिक, चालवायला सगळ्यांत गोड, मात्र भर उन्हात रांगत चालणाऱ्या रांगेत तिचा क्लच तापतो. तुला महिन्यातून एकदा कन्नड घाटाने संभाजीनगरला जायचं असतं आणि तिथे कोंडी झाली की तासभर रांगावं लागतं, म्हणून हे सांगतो.

सीएनजी घेणार असशील तर तो चढ सीएनजीवरच चढव. डेमोवाले बटण गुपचूप पेट्रोलवर ठेवतात. जोर पेट्रोलपेक्षा कमीच लागेल, तुला पुरतो का ते बघ. डिकी उघड आणि घरची मोठी बॅग आत ठेवून बघ. एक मोठं सिलिंडर असलं की डिकी जवळजवळ गेलीच. टाटा आणि ह्युंदाईच्या काही गाड्यांत दोन लहान सिलिंडर खाली बसवतात, तिथे जागा उरते. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करावी लागते, तो खर्च आणि खेप धरून चाल.

हायवेवर ऐंशीला गाडी सरळ रेषेत ठेवून हाताची पकड क्षणभर सैल कर, ओढते का कळेल. पण निष्कर्षाची घाई नको: डेमो गाडीचे टायर अनेकदा नीट भरलेले नसतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेचा आकडा लिहिलेला असतो, बहुतेक गाड्यांना तो ३० ते ३६ पीएसआयच्या दरम्यान असतो. त्याहून जास्त भरली असेल तर प्रत्येक खड्डा कमरेला कळतो आणि दोष सस्पेन्शनला लागतो. मागे रस्ता मोकळा बघून साठवरून एकदा चांगला जोरात ब्रेक लाव, सोबतच्यांना आधी सांगून. परतताना चार माणसांसकट एखादा उंच गतिरोधक तिरका न घेता ओलांड. माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. खालून घासल्याचा आवाज आला तर मळ्याच्या रस्त्याला काय होईल, ते समजून घे. जमलं तर एकदा अंधार पडल्यावरही पाच मिनिटं चालव. हेडलाइट किती लांब पडतात, हे दिवसा कळत नाही.

सेल्सवाल्याबद्दल एवढंच, तो तुझा शत्रू नव्हे. पगार थोडका, टार्गेट मोठं, आणि त्याची वरकमाई अॅक्सेसरीज, इन्शुरन्स, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि लोन यांवर अवलंबून. त्यामुळे गाडीच्या भावावर तो लवकर नमतो आणि मग या चारांवर भरून काढतो. दुसरं, तू सोबत काकांना किंवा भावाला नेलंस तर तो त्यांच्याशीच बोलत राहील. ड्रायव्हरच्या सीटवर तू बस, प्रश्न तू विचार, आणि सोबत्याला गप्प बसायला आधीच सांगून ठेव.

कोटेशनमध्ये प्रत्येक रक्कम वेगळी लिहून माग. एक्स-शोरूम किंमत कंपनीच्या वेबसाइटवर ताडून बघता येते. त्यावर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला हेच १३ आणि १४. टक्केवारी पूर्ण किमतीवर लागते, वरच्या भागापुरती नाही. म्हणजे ९,९५,००० च्या गाडीला कर १,०९,४५० आणि १०,०५,००० च्या गाडीला १,२०,६००. किंमत दहा हजारांनी वाढली तर कर अकरा हजारांहून जास्त वाढतो. वर दहा लाखांच्या पुढे १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने सरकारसाठी गोळा करायचा प्राप्तिकर, घेतात. तो मात्र प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवून वळता करून घेता येतो. नोंदणीची सरकारी फी ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा नोंदवायला १५०० आणखी. "आरटीओ" या एका शब्दाखाली यापेक्षा बरीच मोठी रक्कम दिसली तर पावती कशाची मिळणार, विचार. "हँडलिंग", "लॉजिस्टिक्स" असं काही दिसलं तर सरळ काढून टाकायला सांग. डीलर गाडी शोरूममध्ये आणतो तो त्याचा धंदा आहे.

इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा चालतो. तीच कव्हरं, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ठेवून बाहेरून दर काढ आणि तो आकडा त्यांच्यासमोर ठेव. बहुतेक वेळा ते तिथेच उतरतात. झिरो डेप घे, म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा कापत नाहीत. टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंग नको. लोनसाठी व्याजदर फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर, की घटत्या शिलकीवर, एवढं एक विचारलंस तरी पुरे: पाच वर्षांसाठी फ्लॅट ७ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातं. आधी आपल्या बँकेत विचारून ये.

नाशिक आणि संभाजीनगरहूनही एकेक कोटेशन मागव. राज्य एकच, त्यामुळे कर तोच. फरक दिसेल तो सवलतीत आणि अॅक्सेसरीजमध्ये. सुरतेहून स्वस्त मिळते असं कुणी सांगेल, पण गाडी तुझ्या पत्त्यावर नोंदवायची म्हणजे कर महाराष्ट्राचाच भरावा लागतो, वर कागदांची धावपळ.

बुकिंगची रक्कम डीलरशिपच्या खात्यातच भर. सेल्सवाला स्वतःच्या यूपीआयवर मागत असेल तर तिथेच थांब, मग तो कितीही भला असो. पावतीवर रंग, व्हेरिएंट, ठरलेली सवलत आणि बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळणार, हे लिहून घे.

आणि शेवटचे पैसे, विमा, नोंदणी या तिन्हींच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघ. एकदा तुझ्या नावावर नोंदली की ती परत करणं फार अवघड. मुहूर्ताच्या चार दिवस आधी, सकाळच्या उजेडात जा, धुतलेली गाडी बघ. चासी नंबर लिहून घे आणि उत्पादनाचा महिना-वर्ष विचार. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, तो छापलेला असतो, तेव्हा थाप चालत नाही. गेल्या वर्षाची गाडी असेल तर तशी सवलत माग, नाहीतर दुसरी दाखवायला सांग. प्रत्येक टायरवर चार अंक कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. स्टेपनीसकट पाचही वाच. एखाद्या दाराचा रंग शेजारच्या पत्र्यापेक्षा वेगळा दिसतो का, काचांवरचे शिक्के एकाच कंपनीचे आहेत का, किलोमीटरचा आकडा शंभरच्या वर गेलाय का, गालिच्याखाली ओल आहे का, हे बघ. जॅक, पाना, दोन्ही किल्ल्या मोजून घे. ही तपासणी होईपर्यंत एकही अॅक्सेसरी बसवू देऊ नकोस. सीट कव्हर चढलं की खालचा डाग झाकला जातो.

पहिलं कोटेशन हाती आलं की फोटो पाठव. पूर्ण पान येऊ दे, खालची बारीक अक्षरं कापली जाऊ देऊ नकोस.

तुझे,
काका