रेसवॉकिंगमध्ये कंबर एवढी का हलवतात? ते लपूनछपून पळणंच असतं ना? गुडघे दुखत असतील तर पळण्याऐवजी हे करावं का?

"लपूनछपून पळणं" हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

माझा मोठा भाऊ पळणारा, मी कॉलेजपासून चालण्याच्या शर्यतीतली. एकदा दादाने माझा सराव मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपला, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेली एक फ्रेम शोधून काढली आणि घरच्या ग्रुपवर टाकली: "बाईसाहेब पळताना पकडल्या गेल्या." मामा, आत्या, चुलतभाऊ, सगळे हसले. दिवाळीत फराळाच्या ताटावरही तोच विषय. मी त्याच्याच मोबाईलवर तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवून दाखवला. पाय हवेत आहेत त्या फ्रेम भरल्या सात. सेकंदाला २४० फ्रेमच्या हिशेबाने हा वेळ सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास येतो. नियमात "माणसाच्या डोळ्याला दिसेल असा" संपर्क तुटू नये असं स्पष्ट लिहिलंय, कॅमेऱ्याला दिसेल असा नव्हे. जगातले अव्वल चालणारेही एवढ्या क्षणापुरते हवेत असतात, आणि हे पंचांना, प्रशिक्षकांना, सगळ्यांना माहीत आहे. यात लपूनछपून काय आहे?

मग मी त्याला म्हटलं, दादा, पायाखालची हवा राहू दे, गुडघा बघ. टाच टेकली तेव्हा माझा गुडघा सरळ. शरीर त्या पायाच्या बरोबर वर येईपर्यंत सरळच. नियमाचा दुसरा भाग हाच. नंतर त्याचा स्वतःचा पळतानाचा व्हिडिओ लावला. त्याचा गुडघा टेकतानाच वाकलेला, पुढे आणखी वाकतो, आणि पाय शरीराखाली असतो तेव्हा कंबर सगळ्यात खाली जाते. पळणं म्हणजे हेच. पाय दबतो, टाचेमागची शीर ताणली जाते आणि ताणलेली ऊर्जा पुढच्या ढकलीला परत मिळते. मला ती सवलत नाही. सरळ पायावर दबायचं कुठून? म्हणून माझ्या मते चालणं की पळणं हे गुडघा ठरवतो, हवेतल्या सात फ्रेम नाहीत. दादाला हे अजून पटलेलं नाही.

आता कंबर. साधं चालताना शरीर ताठ पायावरून कमानीसारखं वर जाऊन खाली येतं. वर जाताना वेग थोडा कमी होतो, खाली येताना परत मिळतो, म्हणून चालणं इतकं स्वस्तात पडतं. पण वेग वाढला की शरीर त्या कमानीवरून उडायला बघतं. पायाची लांबी ९० सेंटिमीटर धरली तर हिशेबाने ताशी साधारण पावणेअकरा किलोमीटरला ही पद्धत संपते. तुम्हीआम्ही तर ताशी सातच्या आसपासच आपसूक पळायला लागतो. आणि जपानच्या युसुके सुझुकीने २०१५ साली २० किलोमीटर चालायला १ तास १६ मिनिटं ३६ सेकंद घेतले, म्हणजे ताशी साडेपंधराच्या वर! हे कंबरेमुळे जमतं. पुढे जाणाऱ्या पायाबरोबर कंबरेची ती बाजू पुढे वळते, पाऊल लांबतं. त्याच वेळी ती बाजू किंचित खाली उतरते, त्यामुळे ताठ पायावरून जातानाही धड फारसं वर उचललं जात नाही. पावलं जवळजवळ एका रेषेत पडतात. मिनिटाला दोनशेच्या आसपास पावलं टाकताना हे सगळं चालू असतं, आणि कोपरात वाकवलेले हात उलट्या बाजूने तोल सांभाळतात.

मी रस्त्यावर सराव करायचे तेव्हा पोरं शिट्ट्या मारायची. आमच्याच एका क्रीडाशिक्षकांनी सगळ्यांसमोर "मुलीच्या जातीला हे शोभत नाही, त्यापेक्षा पळ" असं सुनावलं होतं. आमच्यापैकी दोघींनी त्यानंतर मैदान सोडलं. त्याच खेळात प्रियांका गोस्वामीने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक आणलं. चांद राम यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत २० किलोमीटरचं सुवर्ण जिंकलं होतं, तेही आज किती जणांना ठाऊक आहे? आणि हा खेळ सोपा वाटत असेल तर सिडनी ऑलिंपिक आठवा. ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल आपल्याच देशात चालण्याच्या शर्यतीत आघाडीवर होती, स्टेडियम समोर आलेलं, आणि तिथेच तिला बाद केलं. पळणाऱ्याला पाऊल कसं टाकलं म्हणून कोणी बाहेर काढत नाही.

गुडघ्यांचं म्हणाल तर, आपटणं पळण्यापेक्षा नक्की कमी. पळताना जमिनीचा धक्का वजनाच्या दुप्पट-अडीचपट जातो, साध्या चालण्यात वजनाहून थोडाच जास्त, आणि रेसवॉकिंग या दोन्हींच्या मधे. पण म्हणून लगेच सुरू करू नका. ताठ गुडघ्यावर वेगात टाच टेकली की गुडघ्यामागे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंवर ताण येतो. पंजा वर धरून ठेवावा लागतो म्हणून नडगीच्या पुढचा स्नायू सुरुवातीला अक्षरशः पेटतो. तुमचा गुडघा कशाने दुखतो हे मला माहीत नाही आणि मी डॉक्टर नाही. आधी दाखवून घ्या. फक्त तब्येतीसाठी हवं असेल तर झपाझप साधं चालणं पुरेसं आहे, त्याला रेसवॉकिंग म्हणू नका म्हणजे झालं.

शिकायचंच असेल तर जाड टाचेचे पळायचे बूट घेऊ नका, पातळ तळव्याचे घ्या. पहिले काही आठवडे वेग विसरा, फक्त गुडघा बघा. कोणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. माझ्या दादासारखा कोणी असेल तर उत्तमच, असे लोक एकही फ्रेम सोडत नाहीत.